केमो संपली की पेशंटच्या हातात एक पान द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गोव्यात आता कॅन्सरबद्दल लोक बऱ्यापैकी उघडपणे बोलायला लागलेत. गावोगावी तपासणीची शिबिरं होतात, बायका स्वतःहून मॅमोग्राफीला जातात, तुमच्या पेपरात त्याच्या बातम्या फोटोसकट येतात, हे सगळं चांगलंच आहे. पण उपचार पूर्ण झाले, पेशंट घरी आला, केस परत उगवले, घरात पेढे वाटले, त्याच्यापुढे काय यावर कुणी लिहिताना दिसत नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. पत्र लांब झालंय, पण जमल्यास पूर्ण छापा.

मी लॅब टेक्निशियन. डिचोलीत आणि त्याआधी म्हापशात माझी सगळी नोकरी रक्त तपासण्यात गेली. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुणी काय औषध घ्यावं न घ्यावं हे मी सांगणार नाही. मला सांगायचंय ते एवढंच की काही उपचार असे आहेत की जे जीव वाचवतात आणि तेच उपचार काही थोड्या लोकांच्या रक्तावर, बोन मॅरोवर (हाडातला मगज, जिथे रक्त तयार होतं) किंवा लसिका ग्रंथींवर वर्षांनंतर परिणाम करतात, आणि असं झालं तर समोरच्या डॉक्टरला सगळ्यात आधी हवी असते ती जुनी माहिती, आणि नेमकी तीच माहिती आपल्याकडे कुणाकडे नसते. ना पेशंटकडे, ना हॉस्पिटलात.

आमच्या घरातलंच सांगतो. माझ्या वहिनीला स्तनाचा कॅन्सर झाला होता. गोव्याबाहेरच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, केमो झाली, नंतर शेक (रेडिएशन) झाला, आणि ती छान बरी झाली. शेतात जायची, चवथीला माटोळी बांधायला सगळ्यात पुढे असायची. पाच-सहा वर्षांनी तिला थकवा यायला लागला, जिना चढला की धाप लागायची, हातापायावर कुठेही निळे डाग पडायचे. सगळ्यांना वाटलं वय झालं, अशक्तपणा असेल, मग लोहाच्या गोळ्या झाल्या, टॉनिक झालं, बी-१२ ची इंजेक्शनं झाली आणि त्यात महिने गेले. शेवटी मी म्हटलं चला पूर्ण सीबीसी, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजणी करूया. हिमोग्लोबिन आठच्या खाली, प्लेटलेट साठ हजारांच्या आसपास, पांढऱ्या पेशी कमी, आणि लाल पेशींचा साइज, म्हणजे रिपोर्टवर एमसीव्ही लिहिलेलं असतं ते, १०८. साधारण १०० च्या वर गेलं की पेशी मोठ्या झाल्यात असं आम्ही धरतो. लोह कमी असेल तर पेशी छोट्या होतात, मोठ्या नाही. आता मोठ्या पेशी बी-१२ कमी असल्यावर दिसतात, दारू जास्त पिणाऱ्यांत दिसतात, थायरॉईडमध्येही दिसतात, त्यामुळे एका आकड्यावरून घाबरायचं कारण नसतं, पण इथे तिन्ही प्रकारच्या पेशी एकदम खाली होत्या. स्लाइड करून लिशमन स्टेन (पेशी नीट दिसाव्यात म्हणून लावतात तो रंग) लावून बघितली तर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचं केंद्रक, जे एरवी तीन-चार तुकड्यांचं असतं, ते चष्म्याच्या दोन काचांसारखं नुसतं दोन गोळ्यांचं होतं, आणि पेशीत जे दाणे दिसायला हवेत ते जवळजवळ नव्हतेच. ही स्लाइड ज्याने बघितली त्याला मॅरोच बिघडल्याचा संशय येईल, तो बी-१२ च्या इंजेक्शनवर थांबणार नाही.

तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, आधी केमोत काय काय दिलं होतं, एकूण किती डोस, शेक कुठे दिला आणि किती. आमच्याकडे उत्तर नव्हतं. फाइल होती ती पावसाळ्यात माळ्यावर भिजली आणि उरलेली वाळवीने खाल्ली. वहिनीला आठवत होतं ते एवढंच, "ते लाल औषध असायचं, दुसऱ्या दिवशी लघवीपण लाल व्हायची." लाल म्हणजे डॉक्सोरुबिसिन असणार हा अंदाज डॉक्टरांनी लगेच बांधला, त्याच्याबरोबर सायक्लोफॉस्फामाइड देतात हेही त्यांना माहीत होतं, पण ते किती, चार वेळा की सहा वेळा, पुढे दुसरं काही दिलं का, हे कोण सांगणार? भाऊ त्या हॉस्पिटलात गेला, तर रेकॉर्डवाल्याने सांगितलं की एवढे जुने कागद आम्ही ठेवत नाही, नियमाप्रमाणे नष्ट केलेत.

आणि खरं म्हणजे नियमाच्या हिशोबाने तो चुकीचं बोलला नाही, हेच मला जास्त लागलं. वैद्यकीय परिषदेचे २००२ चे आचारसंहितेचे नियम आहेत त्यात डॉक्टरने भरती पेशंटचे रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवावेत असं आहे. ३ वर्षं! आणि ज्या आजाराबद्दल मी लिहितोय तो येतो कधी? सायक्लोफॉस्फामाइड, मेलफॅलान, क्लोरॅम्ब्युसिल, ब्युसल्फान ही जी अल्किलेटिंग जातीची औषधं आहेत त्यांच्यानंतर रक्ताचा असा आजार यायला साधारण ५ ते १० वर्षं लागतात. म्हणजे हॉस्पिटलच्या कपाटातून फाइल गेली की मगच आजार दारात उभा राहतो.

थोडं सविस्तर सांगतो कारण लोकांना याची कल्पनाच नसते. केमोची बरीच औषधं पेशीच्या डीएनएवर घाव घालतात, कॅन्सरची पेशी झपाट्याने वाढत असते म्हणून ती जास्त मरते. पण बोन मॅरोतल्या मूळ पेशीपण सतत नव्या पेशी तयार करत असतात, त्यांनाही मार बसतो. बहुतेक मूळ पेशी सावरतात, काही मरतात, आणि एखादी अशी राहते की घाव बसलाय पण मेली नाही. ती चुकीची प्रत घेऊन वर्षानुवर्षं पिल्लं काढत राहते. अल्किलेटिंग औषधांनंतर ज्यांना त्रास होतो त्यांच्या पेशींत बऱ्याचदा ५ आणि ७ नंबरच्या गुणसूत्राचा तुकडा किंवा अख्खं गुणसूत्रच गायब झालेलं सापडतं. आधी एमडीएस नावाची अवस्था येते, म्हणजे मॅरो भरलेला असतो पण माल धड तयार होत नाही, आणि त्यातून काहींना पुढे अक्यूट ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) होतो. दुसरा गट इटोपोसाइड, डॉक्सोरुबिसिन, मायटोझॅन्ट्रोन यांचा, त्यांच्यात हे लवकर होतं, साधारण १ ते ३ वर्षांत, कधी ५, आणि मधली अवस्था न येता बऱ्याचदा सरळ ल्युकेमियाच होतो, तिथे ११ नंबरच्या गुणसूत्रावर तोडजोड झालेली दिसते. म्हणजे कुठलं औषध दिलं होतं हे माहीत असेल तर डॉक्टरला कधी, काय आणि कुठे बघायचं याचा अंदाज येतो.

अलीकडे आणखी एक गोष्ट कळलीय. वय वाढलं की बऱ्याच लोकांच्या मॅरोत टीपी५३ सारख्या जीनमध्ये बदल झालेल्या थोड्या पेशी आधीपासूनच असतात, केमो द्यायच्या आधीच. त्या गप्प पडून असतात. आपल्याकडे खाजन शेताचा बांध फुटून खारं पाणी आत शिरलं की भात मरतं आणि खाऱ्याला दाद न देणारं गवत तेवढं पसरतं ना, तसंच, केमोने चांगल्या पेशी कमी झाल्या की या चिवट पेशींना मोकळं रान मिळतं. म्हणून दोघांना एकच औषध एकाच मापाने दिलं तरी एकाला काहीच होत नाही आणि दुसऱ्याला होतं. यात पेशंटने काही केलं, काही खाल्लं, पथ्य पाळलं नाही असा काहीही संबंध नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्या वहिनीला नातेवाईकांनी हेच ऐकवलं.

आता इथे कुणी वाचून केमो नको म्हणून बसला तर माझ्या पत्राने वाटोळं होईल, म्हणून आकडा सांगतो. अमेरिकेत सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनाच्या कॅन्सरच्या वीस हजारांवर रुग्णांची पाहणी झाली, त्यात दहा वर्षांत असा ल्युकेमिया किंवा एमडीएस होण्याचं प्रमाण हजारात साधारण पाच निघालं. हजारातल्या पाचांना नंतर हा त्रास, आणि केमो न घेता कॅन्सर परत येऊन जाणाऱ्या बायका त्याच्या कितीतरी पट. तेव्हा ज्याला डॉक्टर केमो घ्या सांगतात त्याने घ्यावीच, डोळे मिटून नाही तर डोळे उघडे ठेवून घ्यावी. पण हजारात पाच म्हणजे आजार नाहीच असं होत नाही. ते पाच जण कुणाच्या तरी घरातले असतात आणि त्यांना टॉनिकवर महिने काढायला लागू नयेत एवढंच माझं म्हणणं.

शेकाचंही तसंच आहे, आणि शेकाबद्दल एक जुनी हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. ब्रिटनमध्ये १९३५ ते १९५४ या काळात पाठीचा कणा ताठ होणाऱ्या संधिवाताला, अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिसला, कण्यावर एक्स-रेचा शेक द्यायचे. कॅन्सर नाही बरं का, संधिवात. लोकांना बरं वाटायचं. कोर्ट ब्राउन आणि रिचर्ड डॉल या दोघांनी अशा तेरा-चौदा हजार पेशंटचे जुने कागद वेगवेगळ्या केंद्रांतून काढून एकेकाचं पुढे काय झालं ते शोधलं आणि १९५७ मध्ये छापलं की या लोकांत ल्युकेमिया अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि जेवढा शेक जास्त तेवढा धोका जास्त. आज शेकाचं माप एवढं काळजीपूर्वक ठरवतात त्याच्यामागे असली कामं आहेत. आता विचार करा, त्या केंद्रांनी तीन वर्षांनी कागद रद्दीत दिले असते तर?

हॉजकिन्स लिंफोमाचं, म्हणजे लसिका ग्रंथींच्या एका कॅन्सरचंही तेच. १९६० च्या दशकात अमेरिकेत व्हिन्सेंट डेव्हिटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमओपीपी नावाची चार औषधांची केमो काढली, ज्या आजारात माणूस वाचत नव्हता त्यात निम्म्याहून जास्त पेशंट बरे व्हायला लागले, केवढी मोठी गोष्ट. पण बरे झालेल्या पेशंटवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं म्हणून दिसलं की त्यातल्या काहींना पुढे ल्युकेमिया होतोय. मग इटलीत मिलानला जियानी बोनाडोना यांनी १९७० च्या दशकात एबीव्हीडी आणली होती ती पुढे आली, तिच्यात ल्युकेमियाचा धोका फार कमी आणि गुण तेवढाच किंवा जास्त. आज आपल्याकडचं एखादं वीस वर्षांचं पोर हॉजकिन्समधून बरं होतं आणि पुढे लग्न होऊन त्याला मुलंबाळंही होतात, ते कुणीतरी जुन्या पेशंटची नोंद ठेवली म्हणून.

आता कॅन्सर न झालेल्यांकडे येतो, कारण अशांची संख्या गोव्यात कितीतरी जास्त असेल. संधिवाताच्या गोळ्या. मेथोट्रेक्सेट ही गोळी संधिवातात आठवड्यातून एकदा घ्यायची असते. आठवड्यातून एकदा! घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बाकीच्या सगळ्या गोळ्या रोज घ्यायची सवय, त्यात हीपण रोज घेतली जाते, आणि थोड्याच दिवसांत तोंड सोलवटून निघतं, जेवण जात नाही, ताप येतो, आणि सीबीसी केली तर पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या. अशा स्लाइड मी बघितल्यात, स्लाइड नाही रिकामं मैदान असतं, शोधून शोधून एखादी पांढरी पेशी सापडते. याच्यावर उतारा आहे, फोलिनिक ॲसिड म्हणजे ल्युकोव्होरिन देतात, पण वेळेत कळलं तर. फार्मसीवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे की या गोळीच्या पाकिटावर पेनाने ठळक वार लिहून द्या, "फक्त रविवारी" किंवा जो असेल तो, मराठीत किंवा कोकणीत, आणि तोंडानेही सांगा.

याच मेथोट्रेक्सेटचा दुसरा त्रास जरा वेगळा आहे आणि मला त्यातून माझा मुद्दा सगळ्यात स्पष्ट दिसतो. वर्षानुवर्षं ही गोळी घेणाऱ्या थोड्या लोकांना मानेत, काखेत गाठी येतात, बायोप्सी केली तर लिंफोमासारखं दिसतं. त्यातल्या बऱ्याच जणांच्या गाठीत एपस्टीन-बार नावाचा व्हायरस सापडतो. हा व्हायरस १९६४ मध्ये सापडला आणि जगातल्या दहापैकी नऊ मोठ्या माणसांच्या अंगात तो लहानपणापासून असतो, आपली प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. औषधाने प्रतिकारशक्ती उतरवली की तो बी पेशींना (एका जातीच्या पांढऱ्या पेशी) वाढायला लावतो. आणि इथे गंमत नाही, चमत्कार म्हणा हवं तर, यातल्या काही पेशंटमध्ये नुसती मेथोट्रेक्सेट बंद केल्यावर गाठी आपोआप विरघळतात. केमो लागत नाही! पण हे डॉक्टर करणार कधी, तर पेशंटने सांगितलं की मी संधिवाताची अमुक गोळी इतकी वर्षं घेतोय. आपल्याकडे सर्जन विचारतो, "काही औषधं चालू आहेत का?" आणि आजी सांगते, "नाही हो, फक्त सांध्यांची एक गोळी." ती एक गोळी कुठली हे कागदावर नसेल तर तिच्यावर सरळ लिंफोमाची केमो सुरू होऊ शकते.

किडनी किंवा लिव्हर बदललेल्यांचंही असंच. नवी किडनी शरीराने फेकू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड चालू असतात आणि ती आयुष्यभर घ्यावीच लागतात. त्यांच्यात काहींना अशाच गाठींचा आजार होतो, लहान मुलांत जास्त, कारण व्हायरस त्यांच्या अंगात आधी नसतो आणि दात्याच्या अवयवातून पहिल्यांदाच येतो. पहिला उपाय तिथेही औषधांचं प्रमाण उतरवणं हाच असतो, नाही भागलं तर रिटुक्सिमॅब नावाचं औषध. पण हे प्रमाण ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरनेच उतरवायचं, कारण जास्त उतरवलं तर किडनी जाते. हे वाचून कुणीही स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नये, अगदी कळकळीने सांगतो. ताप जात नसेल, वजन उतरत असेल, गाठ लागत असेल तर डॉक्टरकडे जायचं आणि सोबत औषधांची यादी न्यायची, बस.

छोट्या गोष्टी आणखी आहेत, पटकन सांगतो. थायरॉईड जास्त असणाऱ्यांना कार्बिमॅझोल देतात, त्यात क्वचित एखाद्याच्या न्यूट्रोफिल पेशी एकदम शून्यावर जातात, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत. ताप आणि घसा दुखायला लागला की "पावसाळी सर्दी आहे" म्हणून बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरला विचारून गोळी थांबवायची आणि सीबीसी करून दाखवायची. आणि मलेरिया, जो आपल्या गोव्याला चांगला ओळखीचा आहे, बांधकामांच्या पाण्याच्या टाक्यांनी तो घरोघरी पोचवला होता. त्यातल्या व्हायव्हॅक्स प्रकाराला प्रायमाक्विनची गोळी १४ दिवस देतात. ज्यांच्यात जन्मतः जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, बहुतेक पुरुष, त्यांच्या लाल पेशी या गोळीने फुटतात आणि लघवी कोकमाच्या आगळासारखी गडद होते. एकदा हे झालं की त्या माणसाच्या पाकिटात जन्मभर तशी चिठ्ठी हवी. मजुरीला आलेला पोरगा आज म्हापशात आहे, उद्या वास्कोत, परवा गावाला, त्याला प्रत्येक ठिकाणी नव्याने तीच गोळी मिळते.

आता माझी मागणी. मोठी मशीनं नकोत, नवी बिल्डिंग नको. केमो किंवा शेक संपला, डिस्चार्ज मिळाला, की पेशंटच्या हातात एक पान द्यायचं. त्याच्यावर आजाराचं नाव, कुठलं औषध, प्रत्येकाचा एकूण डोस, पहिली आणि शेवटची तारीख, शेक शरीराच्या कुठल्या भागावर आणि किती ग्रे (शेकाचं माप), कुणा भावंडाची बोन मॅरो घेतली असेल तर ते, आणि खाली साध्या मराठीत आणि कोकणीत दोन ओळी, की दरवर्षी सीबीसी करा आणि विनाकारण थकवा, निळे डाग, वारंवार ताप किंवा गाठ असं काही झालं तर हे पान घेऊन डॉक्टरकडे जा. डॉक्सोरुबिसिनचा एकूण डोस लिहिलेला असेल तर हृदयाच्या डॉक्टरलाही तो लागतो, ते औषध ठराविक मापापुढे हृदयाला झेपत नाही. म्हणजे एकाच पानाचे दोन-तीन उपयोग.

हे काही मी स्वप्नात बघितलेलं नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये लहानपणी कॅन्सर होऊन बऱ्या झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक चालतं, उपचार संपलेल्या मुलांना तिथे वर्षानुवर्षं बोलावून उशिरा येणारे परिणाम तपासतात. मुलांसाठी तीस वर्षांपूर्वी जमलं ते मोठ्यांसाठी आज का जमू नये? बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आहे, ज्या संस्थेची मुळं १८४२ च्या वैद्यकीय शाळेत आहेत, तालुक्या-तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत, आपलं राज्य एवढंसं, पेडण्याहून काणकोणला कदंब बसने एका दिवसात जाऊन येता येतं. दुसऱ्या राज्यांना जे कठीण आहे ते आपल्याला सोपं आहे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड २०१६ पासून घराघरात आहे, उपचाराचा क्लेम जातो तेव्हा औषधांची नावं लिहिलेली असतातच, तीच एका पानावर काढून पेशंटला का देऊ नयेत?

आभा या डिजिटल आरोग्य कार्डाचं म्हणाल तर १४ आकडी नंबर बऱ्याच जणांनी काढला, पण नंबर काढला म्हणजे त्यात आपोआप काही जात नाही, कुणीतरी केमोचा डोस त्यात भरायला हवा. आणि माझ्या आईच्या वयाच्या बाईला मोबाइलमधलं उघडता येत नाही, तिला कागदच द्या, लॅमिनेट करून द्या.

रेकॉर्ड तीन वर्षांनी नष्ट करायची मुभा कॅन्सरच्या बाबतीत तरी बंद करा. निदान केमो आणि शेकाचा सारांश वीस वर्षं ठेवा, आता कागदाची जागा लागत नाही, कॉम्प्युटरवर राहतं. नवीन उपचार येतायत त्यांचाच विचार करा. २०२४ च्या एप्रिलमध्ये आयआयटी मुंबईत राष्ट्रपतींच्या हस्ते आपल्या देशात तयार झालेल्या कार-टी उपचाराचं (यात पेशंटच्याच टी पेशी, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी, बदलून परत देतात), नेक्सकार१९ चं लोकार्पण झालं, मला त्याचा फार अभिमान वाटतो, आपल्या माणसांनी परदेशाच्या काही हिश्श्यात ते परवडेल असं केलं. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांच्याकडच्या कार-टी उपचारांवर इशारा छापायला लावला, की क्वचित यातून पुढे टी पेशींचा कॅन्सर होऊ शकतो, म्हणून पेशंटवर आयुष्यभर लक्ष ठेवा. उपचार बंद करा असं नाही म्हटलं, लक्ष ठेवा म्हटलं. आयुष्यभर लक्ष ठेवायचे उपचार आपण तीन वर्षांच्या कपाटात ठेवणार का?

माझ्या लॅबवाल्या भावंडांनाही एक सांगतो. आपण नुसते आकडे छापून देत नाही. तिन्ही पेशी कमी आणि एमसीव्ही जास्त दिसलं तर मशीनच्या रिपोर्टवर सही करून मोकळं होऊ नका, स्लाइड बघा, आणि पेशंटला एक प्रश्न विचारा, "आधी कधी केमो, शेक झालाय का? रोजची कुठली गोळी चालू आहे?" उत्तर रिपोर्टच्या खाली एका ओळीत लिहा. डॉक्टर रागावणार नाहीत, उलट फोन करून विचारतील.

आणि औषधाचा वाईट परिणाम झाला असं वाटलं तर तो कळवायची सोय देशात २०१० पासून आहे. फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया, त्याचं मुख्य काम गाझियाबादहून चालतं, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. फक्त डॉक्टरनेच नाही, पेशंटने किंवा घरच्यानेही कळवलं तर चालतं. फार्मसीच्या दारावर हा नंबर लावलेला मी तरी फार कमी ठिकाणी बघितलाय.

वहिनीचं म्हणाल तर तिच्या मॅरोच्या तपासणीत ७ नंबरचं गुणसूत्र गायब निघालं. आता महिन्यातून सात दिवस अझासिटिडीनची इंजेक्शनं चालू आहेत, अधूनमधून रक्त चढवावं लागतं, पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांट जमेल का यावर डॉक्टरांशी बोलणं चालू आहे. तिनेच मला सांगितलं की हे पेपरात लिही.

ज्यांचे उपचार गेल्या दोन-तीन वर्षांत झालेत त्यांना अजून वेळ आहे. त्याच २००२ च्या नियमात असंही आहे की पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यावं लागतं. तोंडी मागू नका, साध्या कागदावर लेखी अर्ज करा, त्यात पेशंटचं नाव, फाइल नंबर, उपचाराच्या तारखा लिहा, "डिस्चार्ज समरी, केमोथेरपी चार्ट, रेडिएशन समरी आणि बायोप्सी रिपोर्टच्या प्रती मिळाव्यात" असं स्पष्ट लिहा, दोन प्रती करा, एकीवर तारखेसह पोचपावतीचा शिक्का घ्या. मिळालेल्या कागदांचे मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांना पाठवून ठेवा, आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर नाही, कपाटात ठेवा.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
डिचोली, गोवा